अनपेक्षिताचे होन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथे पूर्वी लोखंडाचं ओतकाम चालायचं, त्या लांबलचक शेडमध्ये आता एकशे चाळीस खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत एक माणूस 'सप्तद्वीप' खेळत बसलेला असे. सप्तद्वीप हा जगभर चालणारा खेळ. त्यात योद्धा व्हा, वैदू व्हा, व्यापारी व्हा आणि सात बेटांवर दुसरं आयुष्य काढा. राक्षस मारला, खाण खणली, कुणाचं काम करून दिलं की होन पडत. ते सोन्याचे होन परदेशातले हौशी खेळाडू खऱ्या पैशांनी विकत घेत, कारण त्यांना खाणी खणत बसायला वेळ नव्हता. उद्यमनगरातल्या माणसांना वेळच वेळ होता.

होन लवकर कसे मिळवायचे याचं एक शास्त्रच तिथे तयार झालं होतं. शेड चालवणाऱ्या मुख्तार शिकलगारने भिंतीवर नकाशे लावले होते. लांडगेखोऱ्यात उत्तरेकडून शिरायचं, अकरा लांडगे मारायचे, ओढ्यातून परत फिरायचं. तरबेज माणूस तासाला तीस फेऱ्या करी. धनाजी वायदंडे आठ करत.

धनाजी एकसष्ट वर्षांचे होते. चौतीस वर्षं ते तमाशाच्या फडात सोंगाड्या होते. फड बंद पडला, मग इकडंतिकडं करत ते या खुर्चीवर येऊन बसले. लांडगे मारायचा त्यांना कंटाळा होता. ते खेळातल्या गावकऱ्यांशी गप्पा मारत बसत. मुख्तार रागवायचा, पण काढून टाकत नव्हता. त्याच्या अब्बांनी धनाजींची सोंगं बघितली होती.

एका सोमवारी सकाळी शेडमधल्या सगळ्यांचे होन पडायचे थांबले. लांडगे मरत होते, खाली काही पडत नव्हतं. फक्त धनाजींच्या कानात सारखी होनांची खणखण चालू होती.

तिसऱ्या दिवशी खेळाच्या कंपनीच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेतून डॉ. मैथिली खांबेटे आल्या. गणितज्ञ होत्या, चाळिशीच्या, साध्या. नवा नियम त्यांचाच होता.

"माणसांच्या नावाने यंत्रं खेळायला लागली होती," त्यांनी मुख्तारला सांगितलं. "ती तासाला तीनशे फेऱ्या करतात. होनांना किंमतच राहिली नसती. म्हणून आम्ही एक अपेक्षायंत्र बसवलं. तुम्ही पुढची चाल काय करणार, हे ते आधी मनाशी ठरवतं. त्याचा अंदाज बरोबर आला तर होन नाही. चुकला तर होन. जेवढा मोठा चुकला तेवढे जास्त."

"मग फासे टाकून खेळतो की आम्ही," मुख्तार म्हणाला. "फाशाचा अंदाज कोण करणार?"

"ते चालत नाही. उगाच भिंतीवर डोकं आपटलंत तर तेही अनपेक्षितच, पण त्यातून काही साधत नाही. चाल अनपेक्षित हवी आणि तिच्यातून काहीतरी घडायला हवं."

धनाजी ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे हशा."

"काय?"

"हशा, मॅडम. पुढचं वाक्य लोकांना आधीच कळलं तर कुणी हसत न्हाई. अजिबात कळलं न्हाई तरीबी हसत न्हाईत. वाक्य पडल्यावर 'आरं, हे तर असंच व्हायला पायजे हुतं' असं वाटलं की तंबू हलतो."

डॉ. खांबेट्यांनी वही काढली. "तुम्ही काल पुलावर काय केलंत, ते मला सांगाल?"

खेळात एका पुलावर पहारेकरी राक्षस बसतो. त्याला मारून पुढे जायचं, अशी रीत. धनाजींनी त्याला रामराम घातला, गाव विचारलं आणि सांगितलं की तुमची पाळी संपली, बदलीवर मी आलोय. राक्षस भाला देऊन घरी गेला. मग धनाजींनी पुलावर बसून संध्याकाळपर्यंत बाकीच्या राक्षसांकडून जकात घेतली.

डॉ. खांबेटे मोठ्याने हसल्या. धनाजींच्या पुढ्यात बसून कुणी असं हसल्याला बारा वर्षं झाली होती. घरी गेल्यावर त्यांनी हे मालनला, बायकोला, दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अख्खी शेड पुलावर गेली आणि राक्षसाला पाळी संपल्याचं सांगू लागली. राक्षस घरी जाई, होन मात्र पडत नसे. सगळ्या खेळाडूंसाठी अपेक्षायंत्र एकच होतं. एका माणसाने एकदा केलेली चाल ते सगळ्यांच्या बाबतीत शिकून घेई. नकाशे निरुपयोगी झाले. मुख्तारने ते उतरवले आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. उरलेल्यांत ओवी चौगुले नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. ती धनाजींच्या शेजारी बसे आणि त्यांच्याकडे बघून स्वतःचं काहीतरी शोधायचा प्रयत्न करी. दिवसाला चार-पाच होन तिला मिळत. धनाजी एकटे सगळ्या शेडपेक्षा जास्त मिळवत होते. सकाळी उठताना त्यांना फडातल्यासारखी हुशारी वाटे.

पाच महिन्यांनी डॉ. खांबेटे पुन्हा आल्या, तेव्हा होन अर्ध्यावर आले होते.

"सुरुवातीला तुमच्या शंभर चालींपैकी वीस त्याला ओळखता येत होत्या. आता चौऱ्याऐंशी येतात," त्या म्हणाल्या.

"पण मी एकबी सोंग दुसऱ्यांदा केलं न्हाई. आई शप्पथ."

"माहीत आहे. ते सोंगं पाठ करत नाहीये, धनाजीराव. सोंग सुचतं कसं, ते शिकतंय. तुम्ही कशाकडे आधी बघता, कुणाची दया येते, कुणाचा राग येतो, थट्टा कुठे थांबवता. तुमच्यासारखं एवढं शिकवणारं त्याला दुसरं कुणी भेटलंच नाही. म्हणून कंपनीने आता खेळातल्या गावकऱ्यांचं बोलणंही त्याच्यावरच सोपवलंय. लोकांना ते फार आवडतं."

"मग आता मी काय करू?"

डॉ. खांबेट्यांनी वही मिटली. "गणिताने एकच उत्तर निघतं. तुम्ही दुसरे कुणीतरी व्हायला हवं. आणि ते ठरवून होता येत नाही, कारण ठरवणारे तुम्हीच."

धनाजींनी तरीही करून बघितलं. डाव्या हाताने खेळले. उपाशी राहून खेळले. फडातला जुना वैरी आठवून तो कसा खेळला असता तसं खेळले. त्याने सात होन पडले, तेवढेच. दिवाळीच्या सुमाराला शंभरातल्या सत्त्याण्णव चाली ओळखल्या जाऊ लागल्या.

माघ महिन्यात मालन गेल्या. सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच बसल्या. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मुलगी ऋतुजा आणखी दोन दिवस राहिली, घर आवरून, कपडे धुऊन, ती पण सासरी गेली. धनाजींना घरात बसवेना. ते शेडमध्ये येऊन आपल्या खुर्चीवर बसले. होनांचा विचारही त्यांच्या डोक्यात नव्हता. ते खेळातल्या बाजारात गेले, भाला विकून एक घागर घेतली आणि विहिरीवरून भरून एका म्हातारीच्या दारात नेऊन ठेवली. चौतीस वर्षं गावोगाव मुक्काम पडे तेव्हा पाणी मालनच भरायच्या. गुडघे गेले तरी त्यांनीच भरलं. धनाजींनी कधी घागर उचलली नव्हती.

दोनशे होन पडले.

ते पुन्हा विहिरीवर गेले. दुसरी घागर. पुन्हा दोनशे; एकदा पाणी ठेवून झाल्यावर परत पाणीच कशाला, याचा अंदाज यंत्राला येईना. एवढी खणखण त्या कानांनी कधी ऐकली नव्हती. धनाजींनी आवाज बंद केला आणि पाणी भरत राहिले. शेजारची ओवी आपला खेळ सोडून त्यांच्या पडद्याकडे बघत होती. मग मुख्तार येऊन मागे उभा राहिला. एवढे होन कुठून आले, हे त्या दिवशी शेडमधल्या प्रत्येकाला कळलं.

हे एकोणीस दिवस चाललं. धनाजी नदीवर जात, रिकाम्या नावेत बसत, अनोळखी घरांचे उंबरे झाडत. आपण पुढे काय करणार हे त्यांनाच ठाऊक नसे, मग यंत्राला कुठून असणार?

विसाव्या दिवशी ते घागर घेऊन म्हातारीच्या दाराशी गेले, तर दार आधीच उघडं होतं. म्हातारी घागरीखाली ठेवायची चुंबळ घेऊन उभी होती. "आलास? ठेव बाबा. आज दमलायस," ती म्हणाली.

धनाजींनी खाली बघितलं. एकही होन नव्हता. त्यांनी नदीची वाट धरली, तर नाव काठाला लावून ठेवलेली होती. झाडू उंबऱ्यापाशी टेकवलेला होता. शंभरातल्या शंभर चाली ओळखल्या गेल्या.

त्यांनी पुण्याला फोन लावला. "मॅडम, माझं रडणंबी पाठ केलं त्यानं."

"हो," डॉ. खांबेटे म्हणाल्या. त्यांच्या समोर आकडे होते. "धनाजीराव, मी वरच्यांना लिहिलं होतं. हा नियम बंद करा म्हणून दोनदा लिहिलं. ते म्हणतात, बंद केला तर ती यंत्रं परत येतील. तुम्ही आता खेळू नका."

"घरी जाऊन तरी काय करू?"

धनाजी रोज येत राहिले. होन पडत नव्हते, पण म्हातारी दार उघडून उभी असे, एवढं एक कारण त्यांना पुरत होतं. मुख्तारने खुर्ची मागितली नाही.

उन्हाळ्यात ओवीची आई वारली. वडील लहानपणीच गेलेले, भावंड नाही. दोघीच राहायच्या; आईमागे मावशी सोबतीला येऊन राहिली होती. पंधराव्या दिवशी ओवी शेडमध्ये आली, खुर्चीवर बसली आणि खेळ सुरू केला. मधल्या सुट्टीची वेळ होती, बाकी सगळे डबे घेऊन बाहेर गेले होते. धनाजी एकटेच शेजारी होते.

पडद्यावर ओवी एका धर्मशाळेत गेली. स्वयंपाकघरात जाऊन चुलीसमोर बसली. चूल पेटवली नाही, नुसती बसली. मग पीठ घेऊन मळलं, दोन भाकरी थापल्या आणि दोन्ही तशाच कच्च्या ठेवून दिल्या.

होन पडला नाही.

ती उठली. अंगणात गेली. एका लहान मुलीचे केस विंचरून तिची वेणी घातली. खाली बघितलं. काही नव्हतं. असा अर्धा तास गेला. मग तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि हात खाली ठेवले.

"मामा," ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "तेराव्यापर्यंत मी दिवस मोजत होते. माणसं भेटायला येत होती आणि माझ्या डोक्यात तुमची ती घागर येत होती. आईला नेलं त्या दिवशीही आली. मी लई वाईट आहे का?"

"न्हाई गं."

"आणि मग पडत का नाहीत? तुम्हाला दोनशे-दोनशे पडले." तिचा आवाज चढला. "मला दुःखच झालेलं नाही का?"

धनाजींना उत्तर ठाऊक होतं. एका माणसाने केलेली चाल सगळ्यांच्या नावावर शिकली जाते. मालन गेल्यावर एकोणीस दिवस घागरी भरताना त्यांनी स्वतःचं रडणं यंत्राला दिलं होतं आणि त्याबरोबर हिचंही देऊन टाकलं होतं. पुढे जो कुणी रडेल त्याचंही. सगळ्यांचा शोक काही एकसारखा नसतो, पण यंत्राला ओळखायला जेवढा लागतो तेवढा बहुतेक एकसारखाच असावा. हे त्या पोरीला कसं सांगायचं?

त्यांनी ते सांगायचं नाही असं ठरवलं. दुसरं काहीतरी सांगावं, तिच्या कामाला येईल असं. त्यांच्याकडे एक गोष्ट होती. ऋतुजाने जाताना घर आवरलं तेव्हा आईच्या सगळ्या साड्या धुऊन, घड्या करून ठेवल्या होत्या. चांगल्या मनानेच केलं होतं. ती गेल्यावर धनाजींनी कपाट उघडून एकेक साडी तोंडाशी धरली होती. साबणाचा वास येत होता. हे त्यांनी मुलीला सांगितलं नाही, मुख्तारला नाही, खेळातही त्यातलं काही केलं नव्हतं. ओवीला सांगावं. तिचं तरी वाचेल.

त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "ओवी, ऐक."

तेवढ्यात पडद्यावर धर्मशाळेची बाई पदराला हात पुसत अंगणात आली आणि ओवीजवळ बसली.

"पोरी," बाई म्हणाली, "आईची एक साडी तरी न धुता ठेव. धुतली की वास जातो बघ. मग कुठं शोधणार?"

ओवीच्या गळ्यातल्या हेडफोनमधून येणारा आवाज बाईचा होता. बोलणं धनाजींचं होतं. त्यातला 'बघ'सुद्धा जिथे त्यांच्या तोंडून आला असता तिथेच आला होता.

ओवीचा चेहरा एकदम पांढरा पडला. "मावशीनं आज सकाळी सगळ्या भिजत घातल्यात," ती म्हणाली. "मामा, सगळ्या."

गळ्यातले हेडफोन खाली टाकून ती शेडमधून धावत बाहेर गेली. तिची खुर्ची गरकन फिरून थांबली. धनाजींच्या तोंडात त्यांचं वाक्य तसंच राहिलं होतं. आता ते कुणाला सांगायचं उरलं नव्हतं.

त्यांनी तिच्या पडद्याकडे बघितलं. धर्मशाळेची बाई उठून उभी राहिली होती. अंगणातली पाण्याच्या घागरींची घडवंची तिने वाटेतून केव्हाच बाजूला ओढून ठेवली होती आणि बाहेरचं दार सताड उघडून, धावत निघालेल्या माणसाला जागा द्यावी तशी, ती भिंतीला चिकटून उभी होती. अंगणाच्या फरशीवर एकही होन पडलेला नव्हता.