कुलूपबंद शाळेतला कापूस

"कुंदे, थांब ना! शाळेच्या दाराखालून कापूस येऊन राहिला, पाह्य!"

"आईनं तुझ्यासंगं बोलू नको म्हटलं," कुंदा पुटपुटली आणि घागर सावरत वळणाआड गेली.

अकरा वर्षांची मनकर्णा पाटी छातीशी धरून पायरीवर एकटीच उरली. दिवाळीची सुट्टी यंदा संपतच नव्हती! विलायतेत कापसाला मागणी आली होती आणि अख्ख्या अकोल्यात कापसाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. त्यात शाळेची देखरेख करणाऱ्या वामनरावांनी घरोघर सांगितलं, "मास्तर नोकरी सोडून अमरावतीला गेले. पोरींची शाळा बंद!" कुंदासकट अकरा जणींनी पाट्या ठेवून दिल्या. मनकर्णा तेवढी रोज येऊन पायरीवर बसायची. येणारेजाणारे हसायचे.

पण शाळेत कापूस काहून?

ती शाळेच्या मागे धावली. भिंतीला टेकवलेल्या गाडीच्या मोडक्या चाकावर चढून तिने झरोक्यातून डोकावलं. बाप रे! आढ्यापर्यंत गाठीच गाठी! आणि फळीवर मास्तरांची सगळी पुस्तकं! नोकरी सोडणारा माणूस पुस्तकं टाकून जाईल?

"वामनराव खोटं बोलले!" ती ओरडली. ऐकायला कुणीच नव्हतं.

घरी वडील, खुशालराव, एवढंच म्हणाले, "मोठ्या लोकाइच्या भानगडीत पडू नको."

मग तिने जुन्या पंचांगाचं कोरं पान फाडलं, काजळाची शाई केली आणि चार ओळी लिहिल्या. अमरावतीला कापूस नेणाऱ्या नत्थुजी गाडीवानाला तिने वेशीवर गाठलं.

"हरिहर मास्तरांच्या हातीच द्या, काका!"

"देतो. पण तुले भेव नाई वाटत, पोरी?"

"वाटते ना! म्हणून तर लवकर जा!"

दिवस जात होते. मनकर्णा पायरीवर पाढे म्हणायची, आणि स्वतःच स्वतःला 'बरोबर' म्हणायची.

बाराव्या दिवशी शाळेपुढे बैलांची दमणी थांबली. हरिहर मास्तर उतरले, आणि मागून शाळा तपासणारे बापूसाहेब! वामनराव धावतच आले.

"कशाला त्रास घेतला? कळवलं होतं ना, एकही पोरगी येत नाई!"

"मग ही कोण?" बापूसाहेबांनी पायरीकडे बोट केलं. "दार उघडा."

"किल्ली... हरवली, साहेब."

"झरोका हाय ना!" मनकर्णा उसळून म्हणाली. "मागं चाकावर चढा, साहेब!"

पोट सांभाळत बापूसाहेब चढले, डोकावले आणि तीनदा शिंकले.

"वामनराव! ही शाळा की वखार?"

किल्ली लगेच कमरेतूनच निघाली! गाठी बाहेर येऊ लागल्या, तशी गर्दी जमली.

"मुलींनीच शाळा सोडली, असा मला निरोप होता," मास्तर हळूच म्हणाले.

"वामनराव, आजपासून तुमची देखरेख बंद!" बापूसाहेबांनी खिशातून ते पान काढलं. "शाबास, मुली! तुझ्यासोबत कोण कोण होतं?"

"कोणीच नाई." मनकर्णा पायरीकडे बघत म्हणाली.

गर्दीतून खुशालराव पुढे आले. त्यांनी बापूसाहेबांकडून ते पान घेऊन तिच्या हाती दिलं. "वाचून दाखव, बेटा. मले येत नाई."

तिने वाचलं, "मास्तर, आम्ही शाळा सोडली नाही. शाळेत कापूस भरला आहे. मी रोज येते. तुम्ही या."

खुशालराव पायरीवर तिच्याजवळ बसले.

"आता पुन्हा वाच," ते म्हणाले. "सावकाश."