खड्यांचं घर

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवायला सांगत नाही. मी नर्स आहे. आमच्या घरात भूतबाधा, अंगात येणं, असलं काही कुणीच मानत नाही. मीही मानत नव्हते.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. शनिवार. दुपारचे अडीच.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

बीडहून जाताना लिंबागणेश गावाच्या अलीकडे एका वस्तीवर आरोग्य उपकेंद्र आहे. तेव्हा मी तिथं होते. मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मी, माझा नवरा संजय आणि सहा वर्षांची आरोही.

जूनमध्ये ती पहिलीला जाणार होती. म्हणून मी तिची खेळणी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. बाहुली, भातुकली, सगळं.

"आता अक्षरं गिरवायची. खेळ पुरे."

ती रडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या रानात खडे वेचायला लागली. खडे ओळीनं मांडून तिनं घर केलं. ओसरी, सैपाकघर, न्हाणी. दारासाठी मोकळी जागा.

त्या दुपारी मी पाटी घेऊन तिला बोलवायला गेले.

"हे आमचं घर," ती म्हणाली.

"आमचं म्हणजे कुणाचं?"

"माझं आन् आईचं."

"मी कुठं राहते तुझ्या घरात?"

तिनं मान हलवली.

"तू न्हाई."

मला राग आला. पाच मिनिटांत आत ये, असं बजावून मी फिरले.

खिडकीतून तिची बडबड ऐकू येत होती. मग... भाकरी थापल्याचा आवाज आला.

मग काहीच नाही.

बाहेर आले. खड्यांच्या दारापाशी तिच्या चपला होत्या. नीट, जोडीनं.

आरोही नव्हती.

रानात झाड नाही, झुडूप नाही. पार रस्त्यापर्यंत सगळं दिसत होतं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

सारी वस्ती धावली. संजय बीडहून मोटारसायकलवर आला. वस्तीच्या विहिरीत गळ टाकला. मी काठावर पालथी पडून हाका मारत होते. गळाला काही लागू नये म्हणत होते, आणि लागलं तर निदान कळेल, असंही मनात येत होतं. एका आईच्या मनात असं यावं...

साडेपाचला माणसं रस्त्याकडं पांगली. दगडाबाई तेवढ्या खड्यांपाशी बसून होत्या. उपकेंद्रात झाडलोट करायच्या त्या. सत्तरीच्या.

"ताई, हिकडं या. गप ऱ्हावा."

मी कान दिला.

आतून... आरोही हसत होती.

मी खड्यांवरून उडी मारून आत गेले. सगळं शांत. नुसती माती. बाहेर आले, आणि हसू पुन्हा सुरू.

"भिताडावरून कोण घरात जातं, ताई?" दगडाबाई म्हणाल्या. "दारातून जावा. पोर खेळतीय. तुमी बी खेळा."

मी चपला काढल्या. दारापुढं बसले. वेड्यासारखा हवेत हात उचलला आणि टकटक केलं.

बोटांना लाकूड लागलं.

"कोण हाय?" आतून बाईचा आवाज.

"आरोहीची आई."

आत भाकरी थापणं चालूच राहिलं. मग...

"आरोहीची आई मीच हाय की."

दगडाबाईंनी माझा दंड धरला.

"रडू नगा. खेळ मोडंल."

लहानपणी मी तासन् तास असं खेळायचे. ते कधी सुटलं, आठवत नाही. मी डोळे पुसले.

"मी शेजारीण," म्हणाले. "विरजण मागायला आले होते."

"सैपाक चाललाय. बसा."

"बसत नाही. तुमच्या लेकीला जरा माझ्याकडं खेळायला पाठवता का?"

आत भाकरीचा आवाज थांबला.

"कवा आणून सोडाल?"

"दिवेलागणीला."

"सोडाल ना?"

त्या आवाजात माझ्याइतकीच भीती होती.

"सोडते," मी म्हणाले.

कडी निघाली... आरोही माझ्यासमोर उभी होती. हाताला ओलं पीठ. मी तिला उचललं आणि पळत सुटले. मागं वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही बीडला आलो. तिसरा मजला. पोत्याची गाठ सोडून सगळी खेळणी तिच्यापुढं ओतली. ती दिवसभर खेळते, मी अडवत नाही. शाळेत जाते, जेवते, झोपते. डॉक्टर म्हणतात, पोरगी ठणठणीत आहे.



पण रोज दिवे लागले की ती खेळ आवरते. तोंड धुते. चपला घालून दारापाशी उभी राहते. अगदी शहाण्यासारखी, दुसऱ्याच्या घरी आलेली पोर राहावी तशी.

"चला ना, काकू," मला म्हणते. "आई वाट बघत आसंल."

मी म्हणते, उद्या.