साडूची काचपट्टी

दिवा राहू दे, पण जरा जवळ सरका. माझा एक मित्र आहे, जुन्या इमारती तपासणारा इंजिनिअर. त्याची ही गोष्ट. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. तो सांगणार नाही, हा भाग वेगळा.

बाजारपेठेत एक जुनी व्यापारी इमारत आहे. खाली कापडाची दुकानं, वर गोदामं. ती ठेवायची की पाडायची, हे याच्या अहवालावर ठरणार होतं. सुट्टीच्या दिवशी गर्दी नसते, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अंधार पडता पडता, हा एकटाच गेला.

आधी तिथलं काम याच्या साडूकडे होतं, आणि इमारत पक्की आहे असं त्याने सांगून ठेवलं होतं. तोही इंजिनिअर. बायका सख्ख्या बहिणी, पण सासुरवाडीत कौतुक एकट्या साडूचं. सासूबाई म्हणायच्या, "थोरल्या जावयांशी भिंतसुद्धा खोटं बोलत नाही." हा जळून कोळसा व्हायचा. वर्षापूर्वी साडू गेला. याला वाटलं, सुटलो. कुठलं काय? गेलेल्या माणसाचं कौतुक दुप्पट होतं.

तर वरच्या मजल्यावर एक तडा होता. तड्यावर आडवी काचेची पट्टी, दोन्ही टोकांना सिमेंट लावून बसवलेली. भिंत केसभर जरी हलली तरी काच फुटते. खाली साडूच्या अक्षरात जुनी तारीख. काच शाबूत, भिंत जागची हललेली नाही.

म्हणजे मेल्यावरही साडूच बरोबर. याने हातोडी उचलली आणि काच फोडली. आता 'भिंत हलते' असं लिहायला मोकळा.

"काका, आणि खालचे दुकानदार?" माझ्या पुतण्याने मध्येच विचारलं.

"मत्सराला दुकानदार दिसत नाहीत, बाळा. ऐक."

भिंतीच्या पलीकडून ठोका आला. ठक्. पलीकडे काही नव्हतं. खाली रस्ता.

ठक्... मग शांतता. साडूची सवय तीच. एक ठोका मारायचा, कान लावायचा, आतून पोकळ आहे का ऐकायचं.

ठक्... खांबावर.

ठक्... मागच्या दारावर.

हा वळला नाही. वळवेना.

मग पाठीवर. हलकेच. ठक्.

आणि... काही नाही. फक्त पाठीला कुणाचा तरी कान.

कसा घरी पोचला, त्याला आठवत नाही. बायको जेवायची थांबलेली. हा कपडे बदलायला खोलीत गेला. पलंगाच्या वर, धडधाकट भिंतीवर, काचपट्टी. सिमेंट ओलं. खाली त्याच दिवसाची तारीख. अक्षर...

अहवाल त्याने खरा लिहिला. इमारत उभी आहे. परवा घराला रंग दिला, तेवढी जागा सोडून. मी म्हटलं, "अरे, काढून टाक ना ती."

तो म्हणाला, "काढताना फुटली तर?"