लाल दिवा चालू असताना

वीरेशची नि माझी पहिली भेट भांडणातच झाली. भर मे महिना, नांदेडचं ऊन, विमानतळावर विमानं उभी करायच्या जागेत, म्हणजे रॅम्पवर, रॉकेलसारखा वास… आणि हा सामानाचा ट्रॅक्टर घेऊन विमानाच्या मागून निघालेला. विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा चालू होता. म्हणजे इंजिन सुरू असणार, नाहीतर आता होणार. मी हात आडवा करून त्याला झापलं. रॅम्पवरच्या गाड्या-माणसं सांभाळायचं कामच माझं.

"असं थांबवलंत मॅडम… की जन्मभर थांबावं वाटायलंय."

मी हसले नाही. म्हणजे, त्याच्यासमोर नाही.

पुढं रोज काहीतरी निमित्त निघायचं. तो देगलूरचा, बोलता बोलता मध्येच तेलुगू घुसवायचा नि अर्थ विचारला की लाजायचा. माझ्यासाठी सावलीत पाण्याची बाटली ठेवायचा. मला तो लई आवडला, उगीच कशाला लपवू? निलंग्याला घरी सांगितलं, तर माझे वडील, अण्णा, म्हणाले, पोराला नोकरी आहे ना, मग रविवारी येऊ दे.

त्याच आठवड्यात वीरेशनं घात केला. उशीर झाला म्हणून लाल दिवा चालू असताना विमानामागून ट्रॅक्टर काढला. इंजिनाच्या झोतानं मागची रिकामी ट्रॉली पाचोळ्यासारखी उडाली नि सामान चढवणाऱ्या गुरुपादप्पांच्या पायाशी येऊन आदळली. थोडक्यात वाचले. पाहिलं फक्त आम्ही तिघांनी. गुरुपादप्पाच म्हणाले, जाऊ दे गं सुकन्या, रविवार तोंडावर आलाय तुझा.

बोलले तर त्याची नोकरी जाणार, अण्णा नाही म्हणणार. गप्प बसले तर… पुढच्या वेळी ट्रॉलीच्या जागी तोच असेल. मी साहेबांकडं गेले नि सगळं सांगितलं. संध्याकाळी वीरेशचा विमानतळात यायचा पास गेला, नोकरीही गेली. माझ्याकडं न बघता तो गेटबाहेर पडला. मी बाथरूमचं दार लावून पोटभर रडले.

रविवारी तो येईल असं मला वाटलंच नव्हतं. पण आला. एकटाच, इस्त्रीच्या शर्टात, डोळे सुजलेले… दारातच उभा राहिला.

अण्णांनी विचारलं, काय करता?

"सध्या काही नाही," तो म्हणाला. "चूक माझीच होती. गुरुपादप्पांच्या घरी जाऊन पाया पडून आलो. सुकन्यावर रागवून बघितलं… जमलं न्हाई."

अण्णा माझ्याकडं वळले. नकार त्यांच्या तोंडावरच दिसत होता.

"अण्णा, ह्यांची नोकरी मी घालवली," मी म्हणाले. "माणूस मला घालवायचा नाही."

मग अण्णांनी बाजेवरची शेजारची जागा हातानं झटकली.

"बसा," ते त्याला म्हणाले.