उतरलेला ओठ

भाऊजी, माझ्या हाताला एक वाईट खोड आहे. ओळखपत्राचा फोटो काढला की गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी मी कॉम्प्युटरवर चेहरा सारखा करतो. डाग पुसायचा, केस बसवायचे, वाकडं तोंड सरळ करायचं. हात आपोआप चालतो.

गेल्या महिन्यात चित्रकलेचे मास्तर आले होते. समोर चेहरा छान, पडद्यावर मात्र डावा ओठ उतरलेला. कॅमेऱ्याचा दोष असेल म्हणून मी ओठ वर ओढला. "वा, आता मला लग्नाला उभं करायला हरकत नाही," मास्तर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावीच बाजू गेली. ओळखपत्राचे फोटो न्यायला त्यांचा मुलगा आला, तेव्हा माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवलं नाही.

परवा दुपारी ताई आली. स्टुलावर बसली, केस सारखे केले. मी बटण दाबलं.

पडद्यावर ताईचा डावा ओठ उतरला होता. आणि माझा हात सवयीनं माउसवर गेलासुद्धा! ओठाचं टोक पकडलं आणि तिथेच थांबलो. मागे वळून बघितलं, तर ताईचं तोंड अगदी सरळ.

"काय रे... असा काय बघतोस?"

"ताई, दोन्ही हात समोर धर. डोळे मीट."

"नाटकं पुरे." तरी तिनं हात धरले. डावा हळूहळू खाली आला. तिला कळलंही नाही.

"आत्ताच जरा मुंग्या आल्यात... घरी जाऊन पडते." 'पडते' म्हणताना तिची जीभ जड झाली.

"पडायचं नाही. दवाखान्यात. आत्ता!"

पुढचं तुम्ही पाहिलंतच. डॉक्टरांनी आधी विचारलं, कधी सुरू झालं? मी मिनिटासकट वेळ सांगितली. काल तिनं स्वतःच्या हातांनी वेणी घातली आणि मला रडू आवरलं नाही.

आज तो फोटो पुन्हा उघडला. ताईचा ओठ सरळ आहे. मी हात लावलेला नाही. पण त्याच्यापुढे आणखी एक फोटो आहे. त्याच स्टुलावर मी बसलोय, डावा ओठ उतरलेला. मी त्या स्टुलावर कधीच बसत नाही, भाऊजी... कॅमेऱ्यामागे मीच असतो.

म्हणून तुम्हाला बोलावलं. चहाचं नंतर बघू. आधी किती वाजले ते लिहून ठेवा. आता मी हसतो... नीट बघा. आणि जे दिसेल ते सांगायला भीड धरू नका.