उधाणाचा रकाना

मंगळवारी संध्याकाळी परतीचा पाऊस अचानक आला आणि मृणाली स्कूटी मैदानाच्या कडेला लावून चिमाकाकीच्या चहाच्या टपरीत शिरली. आत ताडपत्रीखाली चार-पाच जण तावातावाने भांडत होते. बाकावर जागा नव्हती. एक उंचसा, सावळा मुलगा बोलता बोलताच सरकला, बाकाचा ओला कोपरा रुमालाने पुसला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बसा. — तर निल्या, मी काय सांगत होतो…"

ती बसली. कोणीतरी आपल्यासाठी बाक पुसला याचं तिला उगीच बरं वाटलं. मग तिने ते काय भांडतायत ते ऐकलं, आणि बरं वाटणं तिथेच थांबलं.

"तीन सामने हरलो म्हणून मास्तरांना काढायचं?" तो मुलगा म्हणत होता. "वीस वर्षांत ज्याने हा फुटबॉलचा क्लब उभा केला त्याला?"

"मालक खंडूशेठ आहेत," निलेश म्हणाला. "बूट त्यांचे, जर्सी त्यांची, मैदानाचं भाडं त्यांचं. ते ठरवणार."

"उद्या दर्यापण त्यांचा म्हणशील."

"सर्वेश, उगीच तोंड नको करूस. शेठनी हवेत नाही काढलं. रिपोर्ट आहे त्यांच्याकडे. साठ दिवसांत बावीस दिवस सराव बंद! असा मॅनेजर कोण ठेवेल?"

मृणालीच्या हातातला चहाचा ग्लास एकदम तापल्यासारखा झाला. बावीस. तो आकडा तिचा होता.

ती खंडूशेठच्या बर्फाच्या कारखान्यात पाणी तपासायची. एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, समुद्रापासून आतल्या लांज्याची मुलगी, अडीच वर्षं नोकरी. महिन्यापूर्वी शेठ म्हणाले होते, "बाय, तू मोजमापवाली. आपल्या क्लबचा जरा तक्ता करून दे. सराव किती, हार-जीत किती." तिने हजेरीच्या वहीवरून निगुतीने तक्ता केला होता. ज्या आठवड्यात सराव कमी, त्या आठवड्यात हार. तीनही वेळा. तिने त्याखाली रेघसुद्धा मारली होती. काल सोमवारी शेठनी आत्माराम मास्तरांना काढलं.

"तुम्ही सांगा," सर्वेश अचानक तिच्याकडे वळला. डोळे हसरे, पण दमलेले. "तुम्ही कुठल्याच बाजूच्या नाही. मास्तरांना काढलं ते बरोबर की चूक?"

"मला… बावीस दिवस सराव का बंद होता, ते आधी कळलं पाहिजे."

चिमाकाकी खदखदून हसली. "अगो, वरच्या अंगाची, दर्यापासून लांबची दिसतेस! उधाणात पोरं मैदानात काय करतील? होडीवर नको जायला?"

सर्वेश हसला नाही. त्याने समजावून सांगितलं. टीममधली नऊ पोरं खलाशी. डोलीचं जाळं पाण्याला ओढ असेल तरच भरतं, आणि ओढ असते ती उधाणाला, म्हणजे पुनवेच्या-अवसेच्या आगेमागे. त्या दिवसांत मास्तर सराव बंद ठेवतात. पोरांनी कमवायचं की खेळायचं हा प्रश्न ते पोरांना पडूच देत नाहीत. "ते स्वतः कितीतरी वर्षं बोटीवर होते, त्यांना कळतं. आता यंदाचे तीन सामने नेमके उधाण संपल्या संपल्या आले. पोरं चार रात्री जागून उतरलेली. हरणार नाही तर काय?"

मृणालीने मान हलवली. दोन गोष्टी एकदम घडतात म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असं नाही, हे तिने कॉलेजात पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळवले होते.

"तुम्ही कुठे असता?" त्याने विचारलं.

"पाणी तपासते. बर्फाच्या कारखान्यात."

"शेठच्या? — मग तुम्हाला माहीत असेल, तो रिपोर्ट कोणी केला?"

पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. ती म्हणू शकली असती. एक शब्द पुरला असता.

"…विचारून बघते," ती म्हणाली.

*

बुधवारी ती पुन्हा गेली. पाऊस नव्हता, तरी गेली.

"आज काय, छत गळतंय काय घरचं?" चिमाकाकीने विचारलं. सर्वेशने घाईघाईने चहाच्या ग्लासात तोंड खुपसलं, पण कान लाल झालेले तिला दिसले.

तो जेटीवर होड्यांवरची यंत्रं दुरुस्त करायचा, मासळी कुठे आहे ते दाखवणारी, वाट दाखवणारी. मूळचा नाटे गावचा. त्याच्या बोटांना सोल्डरिंगचे बारीक चटके होते. बोलताना तो ती बोटं टेबलावर वाजवायचा, आणि मृणालीला उगीचच त्या चटक्यांवर बर्फ धरावासा वाटायचा.

"एक मागू?" तो म्हणाला.

"काय?"

"घाबरू नका, चहाच पाजतोय मी. शुक्रवारी आम्ही शेठना भेटायला जाणार. जयगडची टीम मास्तरांच्या मागे लागलीय, त्यांना शनिवारपर्यंत उत्तर हवंय. म्हणजे शुक्रवारी काय ते झालं पाहिजे. आमच्यात सगळे गळ्याने भांडणारे. तुम्ही शिकलेल्या. त्या रिपोर्टला उत्तर लिहाल?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही म्हणालात तरी चहाचे पैसे मागणार नाही."

"लिहिते," ती म्हणाली. तिला रडू येईल की हसू, ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने तिथीचं कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं. तोच तक्ता पुन्हा मांडला. या वेळी एक रकाना जास्त, उधाण. बावीसच्या बावीस दिवस त्या रकान्यात जाऊन बसले. एकही बाहेर राहिला नाही. इतकं स्वच्छ उत्तर तिला प्रयोगशाळेतसुद्धा कधी मिळालं नव्हतं, आणि ते बघून तिने पेन खाली ठेवलं.

गुरुवारी सर्वेशने तो कागद दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. निलेशनेसुद्धा मान डोलावली.

"तुम्ही… तू काय आहेस माहितीय?" सर्वेश म्हणाला. 'तू' तोंडातून निसटलं आणि त्याने ते परत घेतलं नाही. "त्या पहिल्या रिपोर्टवाल्याला हे दाखवलं पाहिजे. एकदा भेटू दे मला तो. दर्यावर राहून दर्या न दिसणारा माणूस… असतो कसा?"

"लांज्यातून आलेला असेल," ती हळूच म्हणाली.

तो मोठ्याने हसला. त्याला वाटलं, ती गंमत करतेय.

त्या दिवशी घरी जाताना तिने स्वतःला सगळं समजावलं. शेठ कारखान्यातल्या माणसाचं नाव कधी बाहेर सांगत नाहीत. नवा कागद वाचून मास्तर परत येतील. सर्वेशला काही कळणार नाही. चूक होती, ती दुरुस्त झाली. हिशेब जुळत होता. फक्त प्रत्येक वेळी सर्वेश त्या कागदाकडे बघून हसतोय असं आठवलं की हिशेब पुन्हा विस्कटत होता.

*

शुक्रवारी पाच वाजता कारखान्याच्या फाटकाशी सगळे जमले. सर्वेशने पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीची घडी अजून दिसत होती. "कशी दिसतेय बाजू आपली?" त्याने विचारलं.

"सर्वेश, एक मिनिट… इकडे ये."

बर्फ फोडायच्या यंत्राचा खडखडाट चालू होता. तिला जवळ जाऊन बोलावं लागलं.

"तो पहिला रिपोर्ट मी केला होता."

त्याला ऐकू आलं नाही असं तिला वाटलं. पण ऐकू आलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू निघून गेलं, ओहोटीला वाळू उघडी पडते तसं.

"मंगळवारी विचारलं होतं मी," तो म्हणाला.

"हो."

"तू म्हणालीस, विचारून बघते."

"हो."

तो वळला आणि आत गेला. ती त्याच्या मागून गेली.

ऑफिसात शेठ खुर्चीवर, समोर सगळे उभे. सर्वेशने कागद टेबलावर ठेवला आणि तो मागे सरकला. मग मृणालीच पुढे झाली. "शेठ, पहिला तक्ता माझा होता. तो अर्धवट होता. त्यात उधाण धरलं नव्हतं. चूक मास्तरांची नाही, माझी आहे."

निलेश तोंड उघडून तिच्याकडे बघत राहिला. शेठनी चष्मा लावला, तिथींवरून बोट फिरवलं. एका तारखेवर बोट थांबलं.

"या अवसेला तर पोरं माझ्याच होड्यांवर होती," ते पुटपुटले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चाळीस वर्षं दर्यात काढली… आणि कागद बघितला नि दर्या विसरलो."

त्यांनी तिथेच मास्तरांना फोन लावला. पलीकडचा शांत आवाज सगळ्यांना ऐकू आला. "खंडूशेठ, राग नाही. पण मी दुपारीच जयगडला होकार दिलाय. शब्द दिलाय. आता या मोसमात नाही."

सर्वेशने टेबलावरचा कागद उचलून त्याची घडी घातली.

*

फाटकाबाहेर सगळे पांगले. सर्वेश मोटारसायकलला टेकून उभा होता. किल्ली हातात, पण लावत नव्हता.

"तू सांगितलं नसतंस तरी चाललं असतं," तो म्हणाला. "कोणाला कळलं नसतं."

"मला माहीत होतं."

"मग का सांगितलंस?"

मृणालीने श्वास घेतला. "अर्धी माहिती देऊन मी एका माणसाचं नुकसान केलं. तुला तरी पुरी मिळायला हवी होती. कारण… तू मला आवडतोस. आणि मी तुला आवडत असेन तर ती कोण, हे तुला माहीत असायला हवं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या शर्टाची बाही उगीचच दुमडली, पुन्हा सोडली.

"मला राग आलाय."

"हो."

"उद्यापण असेल."

"…हो."

"रविवारी मी जयगडला जातोय, मास्तरांना भेटायला." तो थांबला. "त्यांना तू स्वतः सांगायला पाहिजेस. सातला निघू. पण मी वाटेत एक शब्द बोलणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

रविवारी ती पावणेसातला कोपऱ्यावर उभी होती. तो आला, मान हलवली, ती मागे बसली, दोघांच्या मध्ये तिची पर्स. शिरगाव गेलं. तो बोलला नाही. मास्तरांना काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि एकही जुळत नव्हतं. आरेवारेची चढण लागली, डावीकडे खाली समुद्र पसरला, तरी त्याची पाठ ताठच होती.

वळणावर त्याने वेग कमी केला.

"पुढे रस्ता उखडलाय," तो म्हणाला, समोर बघतच. "ती पर्स काढ मधून. नीट धरून बस."