सहानंतर पाणी नाही

विहिरीवरच्या मोटारीची लाईट रात्री उशिरा येणार होती. तोवर शेवंतीच्या वावरात, खोपटापुढे बाज टाकून गोवर्धनराव बसले होते, आणि पिकाला पाणी द्यायला, ओलीत करायला आलेली तीन-चार तरणी पोरं खाली तरटावर. त्यातलं एक म्हणालं, "आबाजी, एखादी भुताची सांगा ना."

गोवर्धनरावांनी बाजेवर मांडी घातली. मग म्हणाले, "सांगतो. पण भुताचं भेव नाई वाटणार तुमाले. राग येईन. चांदूरच्या बाजारात फुलं विकते थे सुभद्राबाई माहीत आहे ना? तिच्यासंगं घडलं हे. तिनं सोताच्या तोंडानं मले सांगतलं, अन् सांगताना एकदाई डोये पुसले नाई."

त्यांनी सांगितलं ते असं.

अक्षय तृतीयेची आदली रात्र. २९ एप्रिल २०२५, मंगळवार. सुभद्राबाई दुपारीच ओळखीच्या अमोलच्या टेम्पोत बसून चांदूर बाजारहून निघाली होती. मोगरा आणि झेंडू अकोल्याला पोचवायचा आणि येताना बंडूला घेऊन यायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी गेलेल्या आईच्या नावानं घागर भरायची होती, आणि ती आईच्या मुलाच्या, बंडूच्या हातून भरावी असं तिच्या मनात होतं.

बंडू तिचा धाकटा भाऊ. वय अडतीस, समज सहा-सात वर्षांच्या पोराएवढी. आई होती तोवर त्याचं सगळं आईनं केलं. आई गेली, आणि सुभद्राबाईच्या लक्षात आलं की वावर, बाजार आणि बंडू हे तिन्ही एका बाईला झेपत नाही. एकदा ती बाजारात असताना तो हायवेवर जाऊन उभा राहिला होता. मग कोणीतरी अकोल्याजवळच्या एका संस्थेचं नाव सुचवलं. अशा मोठ्या माणसांसाठीच आहे, डॉक्टर येतो, कागदी फुलं करायला शिकवतात. तिनं त्याला तिथं ठेवलं.

भेटायला जायचं तर आधी फोन करावा लागे. गेलं की बंडू ऑफिसात खुर्चीवर बसलेला, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. दर खेपेला जरा वाळलेला. तिथले अधीक्षक योगेश साहेब म्हणत, "इथलं जेवण हलकं असतं ताई, तब्येतीला चांगलं." बंडू काही बोलत नसे. तिच्या हातातली बाटली घेई आणि एका दमात रिकामी करी. तिला वाटे, उन्हाळा आहे.

या वेळी तिनं फोन केला नव्हता. बहिणीनं भावाला सणाला न्यायचं, त्यात काय कळवायचं?

फुलं उतरवली, पण टेम्पोची क्लच वायर तुटली. ती बसवून संस्थेच्या फाटकाशी पोचायला साडेदहा वाजून गेले. शहराबाहेरचा रस्ता, दोन्ही बाजूंना पीक निघून उलंगलेली काळी वावरं. रात्र झाली तरी वारा भट्टीतून आल्यासारखा. फाटकावर नत्थुजी नावाचा म्हातारा चौकीदार होता.

"साहेब घरी गेले, बाई. सकाळी या."

"मले साहेब नाई पाह्यजे. माह्या भावाले पाहू द्या."

"चावी साहेबापाशी असते."

"कायची चावी?"

नत्थुजीनं जीभ चावली. "मांगच्या खोलीची. बारा जण ठेवते तिथं. जे रातचे... तरास देते थे."

"म्हंजे तुमचा साहेब माणसं कुलपात घालते अन् चावी घेऊन अकोल्याले झोपाले जाते? आग लागली त काय करान तुमी?"

सगळ्या घरावर रात्रीचा तो म्हातारा एकटाच होता.

सुभद्राबाईनं तिथूनच योगेशला फोन लावला. "मॅडम, नियम आहेत," तो म्हणाला. "उद्या दहानंतर या. रात्री मुलं झोपलेली असतात."

"मुलं? माह्या भावाच्या दाढीचे केस पिकले साहेब!"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

अमोल म्हणाला, "मावशी, सकाळीच नेऊ. पडा थोडकसं." आणि तो टेम्पोच्या हौद्यात पडला तसा घोरायला लागला. सुभद्राबाई पुढच्या सीटवर बसून राहिली. स्वतःलाच शिव्या देत होती ती. इतक्या वेळा आले, आणि ऑफिसच्या पलीकडे कधी पाऊल का टाकलं नाही?

एक वाजून गेला असेल.

"बाई, पाणी."

खिडकीशी माणूस उभा होता. उंच, वाळलेला. डोक्याचा चकोट केलेला. शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. बोलण्यावरून बंडूसारखाच वाटला. कोणी सुटून बाहेर आला असेल, असं तिला वाटलं. तिनं कॅनमधून पेलाभर पाणी ओतून त्याच्या हाती दिलं. दोन्ही हातांनी धरला त्यानं तो पेला. जपून. लहान पोर देवापुढचा दिवा धरतं तसा.

पण प्याला नाही.

वळला. चालायला लागला. फाटक उघडं होतं... मघाशी तर नत्थुजीनं साखळी घातली होती.

"अरे बापा, पे ना," ती म्हणाली, आणि मागोमाग निघाली.

नत्थुजी खुर्चीत झोपला होता. मोठ्या हॉलमध्ये माणसं फरशीवर एकमेकांना लागून पडलेली. मुताचा आणि फिनेलचा वास. तो माणूस थांबला नाही. हॉल ओलांडून मागच्या अंगणात गेला. तिथं टिनाची खोली. तिच्या दाराशी उभा राहिला आणि तिच्याकडे पाहत राहिला.

दार उघडं होतं.

आत पाऊल टाकलं तर तव्यावर टाकल्यासारखं झालं. दिवसभर तापलेले टिन. खिडकी एक, वर, हातभर. तिनं मोबाईलचा उजेड केला. माणसं. जमिनीवर, ओळीनं. सगळे जागे. कोणी ओरडलं नाही, कोणी उठलं नाही. नुसते डोळे तिच्याकडे वळले... आणि तिच्याकडून त्या पेल्याकडे.

बंडू भिंतीशी होता. पायाला नायलॉनची दोरी, दोरी खिडकीच्या गजाला. ओठ फुटलेले. अंग असं तापलेलं की हात ठेववेना.

"बंडू... मी आली, पाह्य."

त्यानं ओळखलं. पण पहिली गोष्ट बोलला ती ही, पाठ केल्यासारखी:

"सा वाजल्यावर पाणी नाई. हातरून वलं होते."

सुभद्राबाई सांगत होती, त्या एका वाक्यानं तिच्या डोक्यात जाळ झाला. चव्वेचाळीस डिग्रीचा दिवस. टिनाची खोली. आणि अंथरुणं धुवायला नको, म्हणून माणसांना पाणी नाही.

तो उंच माणूस वाकला. पेला बंडूच्या ओठाला लावला. बंडू प्याला. घटाघटा प्याला. मग तो उंच माणूस पुढच्याकडे सरकला. तोही प्याला. मग त्याच्या पुढचा.

पेला एकच होता.

ती पाहत राहिली. त्यानं पेला पुन्हा भरला नव्हता. भरायला तिथं काहीच नव्हतं.

"तुह्यं नाव काय, बापा?"

बंडू बोलला.

"सहदेव हाय थो."

"सहदेव..."

"मेला थो. मांगच्या उन्हायात. अथीच." बंडूनं आपल्या शेजारची रिकामी जागा दाखवली. "पाणी पाणी करे. मंग चुप झाला."

तिनं मान वर केली.

कोणी नव्हतं.

ओळीतल्या शेवटच्या माणसाच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

तिनं दातांनी दोरी सोडवली. बंडूला पाठीवर घेतलं. बाकीच्यांना म्हणाली, "चला, बापहो, चला माह्यासंगं." कोणी हललं नाही. एक जण हळूच म्हणाला, "मार बसते." त्यांच्या पायाला दोऱ्याही नव्हत्या.

पळत फाटकाशी आली. अमोलला हलवून उठवलं, नत्थुजीला गदागदा. पोलिसांना फोन, अँब्युलन्सला फोन. नत्थुजी बंडूकडे बघतच राहिला. मग कंदिलासारखी टॉर्च हलवत मागे गेला, आणि धावतच परत आला.

"बाई... कुलूप लागलेलं आहे."

पोलीस आले तेव्हाही कुलूप लागलेलंच होतं. पितळी, मुठीएवढं. आतून कण्हण्याचे आवाज. फौजदारानं नत्थुजीच्या फोनवरून योगेशला बोलावून घेतलं. तो आला तो तावातच.

"साहेब, या बाईचं काही ऐकू नका. बंडू आत आहे. संध्याकाळी मी स्वतः कुलूप लावलंय, चावी माझ्या खिशातून हललेली नाही."

फौजदारानं नुसतं बोट दाखवलं. स्ट्रेचरवर बंडू पडला होता, हाताला सलाईन.

योगेशनं खिशातली चावी चाचपून पाहिली.

सुभद्राबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "सहदेव कसा मेला?"

"कोण... तो? हार्ट अटॅक. तसा रिपोर्ट आहे."

"पाणी मांगता मांगता मेला थो! जनावराच्या पुढंई लोक हौद भरून ठेवते रे! तुमी पाह्यणे आले का त्याईले तेल लावता, शर्ट घालता, अन् रात झाली का कुलूप? काहून, त्याईले सांगता येत नाई म्हणून? का आमी इचारत नाई म्हणून?"

कोणी तिला अडवलं नाही. अमोल सांगतो, फौजदारानंही टोपी काढून हातात धरली होती.

"उघडा," फौजदार योगेशला म्हणाला.

योगेशनं किल्ली घातली. फिरवली.

कुलपातून पाणी आलं.

आधी थेंब. मग धार. बारीक, स्वच्छ, गार. त्याच्या बोटांवरून, मनगटावरून, पायातल्या बुटांवर. त्यानं हात झटकला आणि मागे सरला. दारापुढची माती भिजली.

आत अकरा माणसं शांत बसली होती. सगळ्यांच्या शर्टाचे गळे ओले.

गोवर्धनराव थांबले. एका पोरानं विचारलं, "मंग त्या साहेबाले झाली का सजा?"

"सजा! जामीन झाला चार दिवसात. संस्था बंद केली, माणसं इकडंतिकडं वाटून देली. थो योगेश आता दुसऱ्या जिल्ह्यात असंच घर चालवून राह्यला, पाटी नवी आहे फक्त. बंडू घरी आहे. सुभद्रा त्याले बाजारात संगं नेते, पोत्यावर बसवते. जाता-येता पाहात असान तुमी. रातचा उठून चार खेपा पाणी पेते थो, अन् थे दर खेपेले उठून देते."

"अन् सहदेव?"

"त्याचं कोणी आलंच नाई, बापा. ना तवा, ना आता."

"अन् थे कुलूप?" एका पोरानं विचारलं.

"अमोलचा साळा त्या ठाण्यात शिपाई आहे," गोवर्धनराव म्हणाले. "पंचनाम्यात थे कुलूप जप्त केलं. कापडाच्या पिशवीत शिवून, लाख लावून, मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. वरच्या फळीवर. कोरडी जागा, नळ नाई, काई नाई. केसची तारीख काई लागत नाई, म्हणून थे तसंच पडलं आहे."

त्यांनी आवाज खाली आणला.

"पिशवी वाळत नाई म्हणते. कापड बदलून पाह्यलं. दुसऱ्या दिवशी... वलं."